हाय का न्हाय

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी बाई आहे. 'सांगतो' वाचून पुढं गोंधळ नको. कोल्हापुरात आम्ही बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलतो. आई तसंच बोलायची, आत्या तसंच बोलायची, वर्गातल्या सगळ्या पोरी तसंच बोलायच्या. पुढं टेनिसपायी गावोगाव फिरलो, परदेशातसुद्धा खेळलो, तिथं भेटलेल्या मराठी पोरींनी 'अगं, गेले म्हण, आले म्हण' म्हणून लई शिकवलं. त्यांच्यासमोर म्हणायचो. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो की रिक्षावाल्याला पहिलं वाक्य, 'मी मघापासनं उभी हाय, कवाचा हात करालोय!' आता लिहायला बसलोय तर दुसऱ्याच बाईच्या तोंडानं लिहू काय? न्हाय जमायचं.

आमच्या घरात हळू आवाजात बोलणारा माणूस आजारी समजला जायचा. पप्पांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. दिवसभर लोखंडाच्या किंचाळण्यात उभं राहिलेला माणूस घरी येऊनही वर्कशॉपमध्ये असल्यासारखाच बोलतो. आणि घरी काय शांतता होती म्हणता? पुढच्या खोलीत आईचा मिरची कांडायचा डंक. उन्हाळा लागला की दारात बायकांची रांग, डब्यांचा खडखडाट, डंकाचे दणके आणि सगळ्यांना सामायिक ठसका. 'आई, भूक लागली' हे वाक्य मी आयुष्यात कधी साध्या आवाजात म्हटलेलं नाही.

आईचं एक होतं. खोटं तिला अजिबात खपत नसे. कुणी गिऱ्हाइकानं हौसेनं विचारलं, 'वैनी, मिरची कशी हाय ओ आमची?' तर ही तोंडावर सांगायची, 'रंग हाय, चव न्हाय. फसवलं तुम्हाला.' ती बाई पुन्हा आमच्याकडं यायची नाही, आईला त्याचं काही वाटायचं नाही. लहानपणी मी एकदा डब्यातला गूळ खाल्ला आणि विचारल्यावर 'न्हाय' म्हणालो. अशी सणसणीत बसली की कान वाजला. मी रडत रडत म्हणालो, 'गुळासाठी मारतीस व्हय?' आई म्हणाली, 'गुळासाठी न्हवं. न्हाय म्हणालीस म्हणून.'

टेनिस आमच्याकडं आलं ते पप्पांच्या लेथवरून. गावातल्या एका जुन्या क्लबाच्या कोर्टावर जाळी ताणायचा लोखंडी रहाट मोडला होता, तो करून द्यायचं काम पप्पांना मिळालं. बसवायला जाताना मला लुनावर पुढं उभी केली आणि नेलं. नव्वद सालानंतरचा काळ, मी चौथीत की पाचवीत. पप्पा बोल्ट आवळत होते, मी कुंपणाजवळ पडलेला एक बॉल उचलला आणि कुणाची तरी पडलेली रॅकेट घेऊन भिंतीवर मारला. तो परत आला. पुन्हा मारला. पुन्हा आला! आयला, मला इतकी मजा वाटली की पप्पांचं काम संपून त्यांचा चहाही झाला तरी मी भिंत सोडेना.

क्लबात मेंबर लोकांशी खेळणारा आणि शिकवणारा जो माणूस असतो त्याला मार्कर म्हणतात. आमचे मार्कर म्हणजे चाचा. मूळचे गारगोटीकडचे, वडिलांचं शिवणकामाचं दुकान सोडून टेनिसच्या नादाला लागलेले. उंच, सडपातळ, दाढी पांढरी, आवाज मात्र आमच्या घरात शोभेल असा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पप्पांना म्हणाले, 'पावणं, पोरगी उद्या पाठवा. हिचा हात बघा की, बॉल जाईल तिकडं आपोआप वळालाय.' पप्पांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हाताची पारख त्यांना होती. दुसऱ्या दिवसापासून मी कोर्टावर.

आता त्या कोर्टाबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. कोर्ट मुरमाचं. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा आणि पांढऱ्या फक्कीनं रेषा ओढायच्या. दुपारच्या वाऱ्यानं निम्मी फक्की उडून जायची. संध्याकाळपर्यंत मागची रेषा म्हणजे केवळ अंदाज. मग बॉल आत पडला का बाहेर, यावर जे भांडण व्हायचं ते विचारू नका! डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळे मेंबर रॅकेट टाकून रेषेवर ओणवे. म्हणून चाचांनी एक कायदा केला होता. बॉल पडला की ज्याच्या बाजूला पडला त्यानं त्याच क्षणी मोठ्यानं बोलायचं. आत असला तर 'हाय!' बाहेर असला तर 'न्हाय!' गप्प राहायचं नाही. 'गप्प बसला त्याच्या मनात खोट हाय,' चाचा म्हणायचे.

मला तर हा खेळ माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. पळायचं, मारायचं आणि वर ओरडायचंसुद्धा! रेषेजवळ बॉल पडला की मी कोर्ट दणाणून सोडायचो, 'हाऽऽय!' आणि त्याच दमात परत मारायचो. दोन वर्षांत क्लबातले निम्मे मेंबर माझ्याशी खेळायचं टाळायला लागले. हरायची भीती, दुसरं काय.

मग चाचांनी चौदा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी मला पुण्याला न्यायचं ठरवलं. मी, पप्पा आणि चाचा एसटीनं निघालो. आईनं भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि एवढा मोठा दह्याचा डबा दिला. डबा साताऱ्याच्या आधी सांडला. रॅकेटच्या पिशवीला पुढं महिनाभर आंबूस वास होता. कोर्टावर पोचलो तर तिथल्या पोरींच्या पांढऱ्याशुभ्र घड्यांच्या स्कर्टा, प्रत्येकीकडं दोन-दोन रॅकेटी, आया केळी सोलून देतायत. आणि कोर्ट सिमेंटचं! रेषा रंगानं मारलेल्या, पुसायचं नावच नाही. मला बावरल्यासारखं झालं. मी पप्पांना म्हणालो, 'इथं भांडायचं कशावरनं?'

पहिल्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा. हे मला ठाऊक होतं, आमच्याकडं तर दुसरं काही नव्हतंच. समोरची पोरगी माझ्याहून चांगली उंच. तिनं पहिलाच बॉल मागच्या रेषेवर टाकला. मी बोंबललो, 'हाय!' आणि फोरहँड मारला. ती थांबून उभीच. बॉल तिच्या बाजूनं निघून गेला. मी खूश, पॉइंट माझा! ती म्हणाली, 'तू आऊट दिलास ना?' मी म्हणालो, 'आऊट कुठं? हाय म्हणालो की!' ती म्हणाली, 'हाय काय?'

पुढच्या बॉलला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. शेवटी तिनं हात वर करून रेफ्रींना बोलावलं. टोपी घातलेले एक गोरे, जाडसर गृहस्थ आले. अतिशय शांतपणे त्यांनी मला विचारलं, 'बाळ, हाय म्हणजे काय?'

'हाय म्हंजे हाय.'

'म्हणजे आत की बाहेर?'

'हाय म्हंजे आत! न्हाय म्हंजे भाईर!' मला वाटलं, एवढा मोठा माणूस, आणि हे कळत नाही?

'हे बघ, बॉल आत असेल तर काहीच बोलायचं नसतं. गप्प राहायचं. गप्प म्हणजे आत. बोललीस म्हणजे बाहेर दिल्यासारखं होतं. आता पुन्हा बोललीस तर पॉइंट तिचा.'

तेवढ्यात कुंपणापलीकडून पप्पा गरजले, 'अहो पावणं, हाय म्हंजे हाय की! त्यात काय न कळण्यासारखं हाय?' रेफ्रींनी त्यांना तिथून उठायला सांगितलं. त्या पोरीची आई चाचांना म्हणाली, 'तुमची मुलगी माझ्या मुलीला सारखं हाय-हॅलो का करतेय? लक्ष विचलित करायची युक्ती आहे का ही?' चाचा बिचारे 'न्हाय ओ, न्हाय ओ' करत राहिले, आणि ती म्हणाली, 'बघा, हे पण!'

गप्प राहायचं! मला सांगा, डंकाच्या घरात वाढलेल्या पोरीनं, आणि तेही ऐन रॅलीत? मी ओठ आवळले, दात आवळले. बॉल रेषेवर पडला की पोटातून 'हाय' उसळून बाहेर. पॉइंट तिचा. पुन्हा 'हाय'. पुन्हा पॉइंट तिचा. मी बॉलनं कमी आणि तोंडानं जास्त हरलो. मॅच संपल्यावर नळावर तोंड धुत होतो, तर मागनं दोन पोरी हसत म्हणाल्या, 'तू हरलीस का गं?' मी म्हणालो, 'व्हय, हरलो.' त्या अजून हसायला लागल्या. 'मुलगी असून हरलो काय?' मी वळून म्हणालो, 'मग, हरले म्हटलं तर जिंकणार हाय काय मी?' त्या पळाल्या.

परतीच्या एसटीत मी कराडपर्यंत रागानं धुमसत होतो. चाचा म्हणाले, 'चूक माझी हाय. माझा कायदा आपल्या क्लबात चालतोय, जगात चालत न्हाय.' आणि घरी आल्यावर त्यांनी उपाय काढला चिंचोक्याचा. दातांत एक चिंचोका धरायचा आणि खेळायचं. बोललो की चिंचोका पडणार. पडला की कोर्टाला फेऱ्या. पहिल्या आठवड्यात मी खेळलो कमी आणि पळालो जास्त. एकदा तर 'हाय' म्हणताना गिळलाच. आई म्हणाली, 'बरं झालं, आता पोटात झाड येतंय. सावलीत बसून खेळ.'

पण लागली सवय. चिंचोक्यानं तोंड बंद झालं आणि जे ओरडण्यात जायचं ते सगळं हातात उतरलं. खरं सांगतो, बॉल असा काही सुटायला लागला की माझा मलाच विश्वास बसेना! सोळा वर्षांखालच्या गटात राज्यात पहिली आलो. ज्या पोरीनं 'हाय काय?' विचारलं होतं तिला उपांत्य फेरीत उडवली, तोंडातून एक अक्षर न काढता. कोल्हापुरात उतरलो तर पप्पांच्या वर्कशॉपमधली पोरं हलगी घेऊन स्टँडवर! गुलाल, फटाके, मला उघड्या जीपमध्ये उभी केली. बघणारे विचारत होते, 'कशात जिंकली ओ?' 'टेनिसमध्ये.' 'टेबलवरचं व्हय?' 'न्हाय ओ, जमिनीवरचं!' कुणाला काय जिंकलं ते नीट कळलं नव्हतं, पण आपली पोरगी जिंकली एवढं पुरेसं होतं. मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली तेव्हा आईनं डंक बंद केला. भर सीझनमध्ये, दारात रांग असताना. त्यावरून मला कळलं की तिलाही आनंद झालाय.

मग अठरा वर्षांखालचा गट, मग देशपातळीवर. दिल्लीच्या थंडीत बोटं वाकत नव्हती, चेन्नईच्या उकाड्यात ग्रिप हातातून निसटत होती. सगळीकडं मला 'ती शांत पोरगी' म्हणायला लागले. पेपरात एकदा छापून आलं, 'संयमी आणि मितभाषी खेळाडू.' पप्पांनी ते डंकावर मोठ्यानं वाचून दाखवलं. रांगेतल्या बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. कोर्टावर मी खरंच मुकी झालो होतो. चिंचोका कधीच सुटला होता, पण दातांना तो अजून आहे असं वाटायचं.

ज्युनियर संपलं आणि मोठ्यांचं टेनिस सुरू झालं, आणि तिथं माझी गाडी अडली. व्यावसायिक स्पर्धेत आधी पात्रता फेऱ्या खेळायच्या, त्या जिंकल्या की मुख्य स्पर्धा, आणि मुख्य स्पर्धेतली एक मॅच जिंकली की पहिला पॉइंट. एक पॉइंट! तो मिळाला की जगातल्या खेळाडूंच्या हिशेबात आपण धरले जायला लागतो. तोपर्यंत आपण कुणीच नाही. मी स्पर्धांमागून स्पर्धा खेळत होतो. कधी पात्रतेतच हरत होतो, कधी मुख्य स्पर्धेत पोचून पहिल्याच मॅचला. परदेशी पोरी हसत हसत हरवायच्या आणि 'वेल प्लेड' म्हणायच्या. मला त्यांचं ते 'वेल प्लेड' ऐकून जाळीवरून उडी मारावीशी वाटायची.

त्यात खेळाडूंच्या कोट्यातून मला सरकारी नोकरी लागली. मुंबईला. आईला आभाळ ठेंगणं झालं. मी म्हणालो, नको, मला खेळायचंय. मग घरात जे रण पेटलं! आई म्हणाली, 'खेळ काय जलमभर पुरतोय व्हय? गुडघा गेला की कोण विचारतंय?' मी म्हणालो, 'गुडघा जाईल तवा बघू.' ती म्हणाली, 'तवा नोकरी बघायला बसणार हाय व्हय तुझ्यासाठी?' चूक तरी काय म्हणायची तिची? तिनं बायकांचे हात मिरचीनं भाजलेले आयुष्यभर बघितले होते, स्वतःचेही. खुर्चीवर बसून करायचं काम तिच्या पोरीला मिळत होतं.

शेवटी पप्पांनी मधे पडून बोली केली. रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात पुण्याला एक व्यावसायिक स्पर्धा होती. तिथं पॉइंट मिळाला तर खेळायचं, नोकरी सोडायची. नाही मिळाला तर सोमवारी मुंबईला हजर व्हायचं, आणि पुन्हा तक्रार करायची नाही. आईनं माझ्या हातावर हात मारला. 'बोली म्हंजे बोली,' ती म्हणाली.

पात्रता फेऱ्या मी अशा खेळलो की काय सांगू! अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. तिन्ही जिंकलो आणि संध्याकाळी घरी फोन केला, 'उद्या मुख्य स्पर्धेतली मॅच हाय.' दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टाशेजारी एक ट्रॅक्स येऊन थांबली. आत चाचा, पप्पा, वर्कशॉपमधली चार-पाच पोरं, आणि डोक्यावर पदर घेऊन आई. आईनं माझी मॅच आजवर कधीच बघितली नव्हती. चाचांनी सगळ्यांना दम भरला होता, 'कुणी तोंड उघडायचं न्हाय. हलगी ट्रॅक्समध्येच ऱ्हाऊ दे.' सगळे रांगेत बसले, शाळेतल्यासारखे हाताची घडी घालून.

समोर एक परदेशी पोरगी. सोनेरी वेणी, सर्व्हिस बंदुकीच्या गोळीसारखी. पहिला सेट तिनं घेतला. दुसरा मी घेतला. तिसऱ्यात मी पाच-चार पुढं, सर्व्हिस माझी, आणि एक क्षण असा आला की मला फक्त एक पॉइंट हवा होता. एक रॅली. तेवढी जिंकली की पॉइंट माझा, टेनिस माझं, सगळं माझं! छातीत डंक सुरू झाला होता.

सर्व्हिस केली. रॅली सुरू झाली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. तिनं जीव तोडून एक लांब बॉल मारला. तो माझ्या डोक्यावरून गेला, मी वळून मागं पळालो आणि बघितलं. बॉल मागच्या रेषेवर पडला. रेषेच्या अगदी काठाला, पण रेषेवर. मला तो परत मारता आलाच नसता.

खुर्चीवर पंच होता, रेषेवर कुणी नव्हतं. पंच ओरडला, 'आऊट!' आणि लगेच, 'गेम, सेट...'

आणि माझ्या तोंडातून, इतक्या वर्षांनी, पोटाच्या तळातून सुटलं, 'हाऽऽय!'

सगळं कोर्ट दणाणलं. माझ्याच तोंडाला एक ठेवून द्यावीशी वाटली. आत्ता? या घडीला? इतकी वर्षं दातांत धरलं ते नेमकं आत्ता सुटायचं होतं?

पंच दक्षिणेकडचा होता, त्याला मराठीचा गंध नव्हता. त्यानं वाकून इंग्रजीत विचारलं, 'काय म्हणालात?' ती परदेशी पोरगी हात मिळवायला जाळीपाशी निघाली होती. तिनं मान वर केली, गोंधळली, आणि कसनुसं हसून मला म्हणाली, 'हाय.'

म्हणजे बघा, माझी सुटका तिथंच होती. मी नुसतं हसायचं होतं. हाय! हॅलो! थँक्यू! जाऊन हात मिळवायचा. त्या सगळ्या मैदानावर त्या शब्दाचा अर्थ कुणालाही कळला नव्हता. कळला होता तो फक्त त्या एका रांगेला. मी तिकडं बघितलं. चाचा उभे राहिले होते, तोंडावर हात धरून. पप्पा खाली बघत होते. वर्कशॉपमधली पोरं दगडासारखी. आणि त्यांच्या मधोमध आई उठली, पदर खांद्यावर पडलेला, आणि डंकावरून गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, 'न्हाय! न्हाय गं! न्हाय!'

पंचानं तिला बसायला सांगितलं. मी चालत खुर्चीपाशी गेलो. म्हणालो, 'सर, बॉल इन होता.' त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्यानं पॉइंट तिला दिला.

तिथून गेम गेला. मग पुढचा गेला. मग सेट गेला. खोटं कशाला बोलू, मी जीव ओतून खेळलो, पण ती त्या तीन गेममध्ये माझ्याहून चांगली खेळली. जाळीपाशी तिनं मला मिठी मारली आणि विचारलं, तो शब्द काय होता? मी सांगितलं. पुढं ती मला जिथं जिथं भेटली, ताश्कंदला, बँकॉकला, तिथं लांबूनच ओरडायची, 'हाऽऽय!' आणि ते तिचं हॅलो नसायचं.

हो, पुढं भेटली. पुढं मी आठ-नऊ वर्षं खेळलो. तो पॉइंट मला दोनच स्पर्धांनंतर मिळाला, हैदराबादला, एका अगदी साध्या सकाळी, सरळ दोन सेटमध्ये, आणि मी इतक्या उड्या मारल्या की पायाला पेटका आला. पण तो मिळाला कारण मी त्या सोमवारी मुंबईला गेलो नाही. आणि गेलो नाही त्याचं कारण ट्रॅक्समध्ये घडलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडीत कुणी बोलत नव्हतं. कोल्हापूरच्या गाडीत शांतता म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही. ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं, सगळे आहेत ना म्हणून. मी आईशेजारी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. सोमवारी घालायची साडी कुठली, याचा विचार करत होतो आणि डोळ्यांतलं पाणी पुसत होतो. बोली म्हणजे बोली. त्यात माझी काही तक्रार नव्हती.

कराड जवळ आलं तेव्हा आई म्हणाली, 'त्यो बॉल रेषेवरच पडला न्हवं?'

मी मान डोलावली.

'मला बी दिसला,' आई म्हणाली. 'चांगला स्पष्ट दिसला. समोरच तर बसलो हुतो.'

मी वळून तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ती बाहेर अंधारातल्या उसाकडं बघत होती. 'दिसला, आणि तरी मी न्हाय म्हणून वरडलो. एवढ्या माणसांत. गूळ खाऊन न्हाय म्हणालीस म्हणून तुझा कान वाजवला हुता मी, आणि आज मीच...' तिनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला. 'तू जिंकावंस एवढंच वाटलं बघ. नोकरी-बिकरी कायसुदिक आठवलं न्हाय.'

पुढच्या सीटवर पप्पांनी मान वळवली नाही, पण त्यांचे खांदे ताठ झालेले मला दिसले.

'सोमवारी कुठं जायाचं न्हाय,' आई म्हणाली. 'नोकरीच्या बाजूची मी, आणि तुझ्या बाजूनं खोटं बोललो, माझ्याच्यानं बोली मोडली. आता तुझी बी मोडली. खेळ.'

मला रडू आवरेना. आईनं वाट बघितली, मग कोपरानं ढोसलं.

'बोल की गं! का तुमच्या खेळातल्यासारखं, गप म्हंजे आत?'